रक्तातील आकडा आणि बांधावरचे गवत

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूरसह विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि काहींचे प्राणही गेले. उत्तर प्रदेशातील गोरखपूर परिसरात पावसाळ्यानंतर मुलांना होणाऱ्या मेंदूज्वरामागे हाच जीवाणू हे एक प्रमुख कारण असल्याचे चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेच्या अभ्यासांतून पुढे आले. हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही, असे मला कीटकशास्त्राचा अभ्यासक म्हणून वाटते.

ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी हा जीवाणू चिगर कोळ्याच्या मादीकडून अंड्यांमार्फत पुढील पिढीत जातो. या कोळ्याची सहा पायांची पिल्ले गवताच्या टोकाशी थांबतात आणि उंदीर, चिचुंद्री किंवा माणूस यांच्या त्वचेला चिकटतात. प्रौढ कोळी मातीत राहतो; तो माणसाला चावत नाही.

बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत मोठी रुग्णालये आणि औषधनिर्मितीचे कारखाने होसूर रस्त्यालगत उभे आहेत. अशा ठिकाणी तापाने आजारी मुलाच्या रक्ताचा अहवाल काही तासांत मिळतो. त्यात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, वाढलेले दिसते. दाह सुरू झाल्यावर यकृत हे प्रथिन तयार करते. स्क्रब टायफस झालेल्या मुलांत ते बहुधा बरेच वाढते, प्लेटलेट घटतात आणि यकृताची विकरेही वाढतात. प्लेटलेट डेंगीतही घटतात, परंतु सीआरपी त्या मानाने कमी राहते. म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचणे उपयुक्त ठरते.

तथापि आकड्याची मर्यादा ओळखली पाहिजे. हरभऱ्याचे झाड सुकले, एवढ्यावरून मर रोग, मूळकूज की पाण्याचा ताण हे ठरत नाही; झाड उपटून मूळ पाहावे लागते. सीआरपीचेही तसेच आहे. विषमज्वर, लेप्टोस्पायरोसिस आणि न्यूमोनिया यांतही ते वाढते. ‘जीवाणूचा संसर्ग आहे’ एवढ्यावर नेहमीची सेफॅलोस्पोरिन गटातील प्रतिजैविके सुरू केली, तर पेशींच्या आत राहणाऱ्या या जीवाणूवर ती चालत नाहीत आणि मोलाचे दिवस वाया जातात. डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन वेळेवर मिळाल्यास ताप बहुधा दोन दिवसांत उतरू लागतो. प्रतिपिंडांची चाचणी पहिल्या काही दिवसांत नकारार्थी येऊ शकते. त्यामुळे प्रबळ संशय असल्यास अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

हा संशय निर्माण करणारी माहिती प्रयोगशाळेत नसते, ती शेतावर असते. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी पावसाळ्यानंतरच्या प्रत्येक शेतकरी बैठकीत तीन गोष्टी सांगाव्यात. तापाआधीच्या तीन आठवड्यांत मूल धुऱ्यावर, गवतात किंवा झुडपांत गेले होते का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. काख, जांघ, कंबर आणि कानामागे चटका बसल्यासारखी काळी खपली शोधावी. ती नसली तरी रोग नाही असे समजू नये. घराभोवतीचे गवत कापावे आणि शेतातून आल्यावर मुलांना आंघोळ घालून त्यांचे कपडे धुवावेत.

किडीचे सर्वेक्षण करताना आपण पानाची खालची बाजू पाहिल्याशिवाय फवारणीची शिफारस करीत नाही. तापलेल्या मुलाच्या बाबतीतही तेवढीच शिस्त पाळली जावी, हा माझा आग्रह आहे.