‘नीट ठेव’ म्हणजे किती मिलिमीटर?

आपल्या घरांत मुलांना दिवसातून दहा वेळा ऐकवलं जाणारं वाक्य म्हणजे "नीट ठेव". दप्तर नीट ठेव, वह्या नीट ठेव, चपला नीट ठेव. नीट म्हणजे नेमकं कसं, हे मात्र आपण क्वचितच सांगतो. मुलांनी ते आपलं आपण ओळखायचं, आणि नाही जमलं की बोलणी खायची. इतकी वर्षं शाळेत शिकवल्यावर माझं मत असं झालंय की, जी वस्तू जपायची ती आधी मोजायला शिकवावी. हे मत पक्कं झालं ते पोरखेळ वाटेल अशा एका छंदामुळे.

माझा नातू न्यू जर्सीला असतो. त्याला खेळाडूंची कार्डं जमवायचा नाद आहे. आपल्याकडे मुलं काडेपेटीचे छाप जमवायची, पुढे कुस्तीगीरांची ट्रम्प कार्डं आली, त्यातलाच प्रकार. पण तिकडे याचा बाजार फार मोठा. मिकी मँटल या बेसबॉलपटूचं १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं एक कार्ड २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं! त्याच छापाचं, पण कोपरे झिजलेलं कार्ड याच्या अगदी थोड्या अंशाला मिळतं. म्हणजे सगळी मदार कडा आणि कोपऱ्यांवर.

म्हणून कार्डाला प्लास्टिकचं कवच घालतात. ही कवचं कार्डाच्या जाडीप्रमाणे मिळतात आणि जाडी मोजतात ‘पॉइंट’मध्ये. एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिलिमीटर. ३५, ५५, ७५, १००, १३०, १८० अशी मापं सर्रास मिळतात. साधं कार्ड ३५ च्या कवचात बसतं. पण काही कार्डांत खेळाडूच्या जर्सीचा तुकडा बसवलेला असतो, ती १३० किंवा १८० पर्यंतही जाड असू शकतात.

नातवाने खाऊचे पैसे साठवून असंच एक जाड कार्ड घेतलं. त्याच्या आईचा सल्ला, "सगळ्यात मोठं कवच घे, म्हणजे झालं." हा आपला खास मराठी घरातला हिशोब! शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवायचा, बूट एक नंबर मोठे घ्यायचे. मुलं वाढतात हो, कार्ड कुठे वाढणार? सैल कवचात ते हलतं, आणि प्रत्येक हालचालीला कोपरा घासतो. घट्ट कवचात कोंबलं तर कड दबते, पृष्ठभागावर ओरखडे येतात. माप बरोबर तोच बचाव.

त्याने व्हर्नियर कॅलिपर आणला. कार्ड मऊ पाकिटात घालून, जबडे नुसते टेकवून जाडी घेतली आणि रिकाम्या पाकिटाची जाडी वजा केली. उत्तर आलं २.४ मिलिमीटर. भागिले ०.०२५४, म्हणजे साधारण साडेचौऱ्याण्णव पॉइंट. मग ७५ मध्ये ते शिरणार नाही आणि १३० मध्ये जवळपास एक मिलिमीटर डुगडुगेल. त्याच्या लगेच वरचं माप १०० चं, तेच योग्य. कार्ड पाकिटासकट कवचात ठेवायचं असेल तर पाकिटाची जाडी वजा करायची नाही, एवढं लक्षात ठेवायचं. पातळ कार्डांसाठी मी त्याला आपली शाळेतली युक्ती सांगितली. एका पानाची जाडी काढायला शंभर पानं मोजून शंभराने भागायचं, तसं एकसारख्या दहा कार्डांची चळत मोजायची आणि दहाने भागायचं.

आता कुणी म्हणेल, मास्तर, एवढ्याशा पुठ्ठ्यासाठी केवढा हा खटाटोप! माझं म्हणणं उलट आहे. वर्गात दशांश अपूर्णांक रडत शिकणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. इथे तोच अपूर्णांक मुलगा आपणहून मांडतो, कारण उत्तर चुकलं तर त्याच्या जिवाभावाची वस्तू खराब होणार असते. त्याला मोजण्याची खरी गरज पडलेली असते.

आणि आपण मोठी माणसं तरी काय जपतो? कितीतरी घरांत लग्नाचे फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये पिवळे पडले. प्रेमाने ठेवले होते, पण कशात ठेवतोय हे कुणी पाहिलं नाही. मऊ पीव्हीसीच्या पिशव्यांचंही तसंच. त्यातलं रसायन कालांतराने बाहेर येतं आणि आतली वस्तू चिकट होते. त्यापेक्षा पॉलिप्रोपिलीनची पाकिटं बरी, हे आता माझा नातू मला सांगतो!

तेव्हा मुलांना "नीट ठेव" जरूर म्हणा, पण सोबत एक मोजपट्टी द्या आणि पाच मिनिटं शेजारी बसा. वस्तू कोणती आहे याला फारसं महत्त्व नाही. ती आज कार्ड असेल, उद्या घराची कागदपत्रं असतील. पटतंय का बघा.