तीळ, सोया आणि विहाराचा स्वयंपाकी



'चायनीज' हा शब्द आपल्या वस्तीत नाक्यावरच्या गाडीने आणला. संध्याकाळ झाली की मुले हट्ट धरतात, आणि पगाराच्या आठवड्यात आपणही पैसे काढून देतो. त्यामुळे सोया सॉसची काळी बाटली म्हणजे बाहेरच्या चमचमीत खाण्याची वस्तू, अशी आपली समजूत झाली आहे. प्रत्यक्षात या बाटलीचे बौद्ध विहारांशी फार जुने नाते आहे. ते नाते कळले, तर आपल्याच घरातील चुलीकडे बघण्याची दृष्टी बदलेल.

सोयाबीन आंबवून खारवण्याची कला मूळची चीनची. जपानी परंपरा असे सांगते की, काकुशिन नावाचे झेन भिक्खू १२५४ साली चीनमधून परतले. तेथील विहारात शिकलेली सोयाबीनची आंबवलेली चटणी, म्हणजे मिसो, त्यांनी आपल्या भागातील लोकांना शिकवली. पिंपात या चटणीला सुटणारे पाणी फार चवदार लागते, हे युआसा गावच्या लोकांच्या ध्यानात आले आणि त्यातून तेथला सोया सॉस तयार झाला. जपानच्या विहारांत भिक्खूंचे जेवण मांसमच्छीशिवाय होत असे. तेव्हा भाजीला चव आणि अंगाला ताकद देण्याचे काम सोया आणि तीळ यांनी केले. हा त्या विहारांचा नियम झाला. आपण गृहस्थांनी अंडे किंवा सुकट सोडावी, असे मी सांगत नाही.

सोयाबीन आपल्याला परके नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या शेतात ते मुबलक पिकते. तीळ तर आपल्या आजीच्या डब्यातला. मात्र काळ्या तिळाला श्राद्ध-पिंडदानाशी जोडून ठेवले गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये आपण श्राद्ध आणि पिंडदान सोडले. कर्मकांड गेले, पण म्हणून तीळ ताटातून जाण्याचे कारण नाही. शंभर ग्रॅम सालासकट तिळात नऊशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. पांढराशुभ्र, साल काढलेला तीळ घेतला तर त्यातले बरेचसे निघून जाते. म्हणून पॉलिश न केलेला तीळ घ्यावा, मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावा आणि कुटून वापरावा.

आता एक जपानी भाजी सांगतो. तिचे नाव गोमा-आए. 'गोमा' म्हणजे तीळ. पालकाची एक मोठी जुडी स्वच्छ धुऊन उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवा. लगेच थंड पाण्यात काढा, घट्ट पिळा आणि दोन-दोन बोटांचे तुकडे करा. पोह्याचे तीन चमचे तीळ भाजून खलबत्त्यात जाडसर कुटा. त्यात चहाचे दोन चमचे सोया सॉस आणि एक चमचा साखर किंवा किसलेला गूळ घालून पालकाला चोळा. झाली भाजी. फोडणी नाही, तेल नाही, वरून मीठही नाही. भाकरीबरोबर छान लागते. पालक नसेल तर फरसबी उकडून घ्या.

दुसरा पदार्थ उरलेल्या भाताचा. लोखंडी कढई चांगली तापवून थोड्या तेलात ठेचलेला लसूण, कोबी, गाजर आणि कांद्याची पात मोठ्या आचेवर परता. भाजी कुरकुरीत असतानाच थंड भात मोकळा करून घाला. चार माणसांच्या भाताला सोया सॉसचे चहाचे दोन चमचे पुरे. ते कढईच्या कडेने सोडा म्हणजे वास खुलतो. शेवटी भाजलेल्या तिळाचे कूट भुरभुरा. अंडे आवडत असेल तर भाताआधी फोडून घाला. जपान-कोरियाकडे भाजलेल्या तिळाचे गडद तेल वरून घालतात. आपल्याकडचे घाणीचे तेल कच्च्या तिळाचे असते, त्याला तो वास येत नाही. ती उणीव हे कूट भरून काढते. एक काळजी घ्या. रात्रभर उघड्यावर राहिलेला भात यासाठी वापरू नका. उरलेला भात लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर त्याच दिवशी संपवा.

बाटली घेताना तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा. खरा सोया सॉस सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी यांपासून, बुरशीच्या साहाय्याने कित्येक महिने आंबवून होतो. स्वस्त बाटल्यांत बहुधा आम्लाने फोडलेले सोयाचे प्रथिन, रंग आणि मीठ असते. खरा असो की स्वस्त, मीठ दोन्हींत भरपूर. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, दोन ग्रॅमहून जास्त मीठ जाते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आपल्या वस्तीत रक्तदाबाच्या गोळ्या किती घरांत आहेत, हे तुम्ही जाणताच. म्हणून सोया घातला की मिठाच्या डब्याला हात लावू नका, आणि त्या जेवणात पापड-लोणचे वाढू नका.

आता मुख्य मुद्दा. १२२३ साली दोगेन नावाचे तेवीस वर्षांचे जपानी भिक्खू चीनच्या बंदरात जहाजावर थांबले होते. तेथे साठी ओलांडलेले एक भिक्खू अळंबी विकत घ्यायला आले. ते आयुवांग विहाराचे स्वयंपाकी होते. आयुवांग म्हणजे आपला सम्राट अशोक. त्याच्याच नावाचा तो विहार. दोगेन यांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. या वयात ध्यान-अभ्यास सोडून स्वयंपाकाचे कष्ट कशाला, असेही विचारले. वृद्ध भिक्खू हसले आणि म्हणाले की, साधना म्हणजे काय हे तुम्हाला अजून कळलेले नाही. मग ते कामासाठी पायी परत निघाले. पुढे १२३७ साली दोगेन यांनी विहाराच्या स्वयंपाक्यासाठी स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तांदूळ निवडणे आणि भांडी जागच्या जागी ठेवणे हीसुद्धा साधनाच, असे त्यांनी मानले.

ज्या धम्मात वयोवृद्ध भिक्खू चुलीपुढे उभे राहतात, त्या धम्माच्या उपासकाला चूल हे बाईचेच काम कसे वाटावे? आपल्या भगिनी चार घरची धुणीभांडी करून, कारखान्यात पाळी करून घरी येतात आणि पुन्हा एकट्याच चुलीला लागतात. आपण मात्र समतेवर भाषण ऐकून येतो आणि ताट मागतो. समतेसाठी झटण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे. ती फक्त सभेपुरती नव्हे.

तेव्हा येत्या रविवारी वरचे दोन्ही पदार्थ घरातील पुरुषांनी करावेत. मुलग्यांनी तीळ कुटावेत, मुलींनी पुस्तक घेऊन बसावे. स्वयंपाक झाल्यावर कढईही ज्याने वापरली त्यानेच घासावी. पहिल्या खेपेला भात थोडा करपेल. करपू द्या.

नमो बुद्धाय. जयभीम.