दुखणं हृदयाचं, मूळ गळ्यात

भिलईचा मे महिना कसा असतो, हे तिथल्या सेक्टरमधल्या क्वार्टरात एक उन्हाळा काढलेल्यालाच कळतं. पारा ४४ अंशांवर आणि कूलरला क्षणाची उसंत नाही. अशा दिवसांत पन्नाशीची गृहिणी ‘कूलर बंद करा, मला थंडी वाजतेय’ म्हणू लागली, तर घरचे हसण्यावारी नेतात. जिना चढताना तिला धाप लागते, चेहरा सुजल्यासारखा दिसतो. ‘वय झालं’ एवढ्यावर विषय मिटतो. रक्त तपासलंच, तर कोलेस्टेरॉल वाढलेलं निघतं आणि तूप-तेलावर गदा येते. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची आठवण कुणालाच होत नाही.

या ग्रंथीचं संप्रेरक कमी पडलं, की शरीराचा सगळा कारभार मंदावतो. हृदयाचे ठोके सावकाश पडतात, त्याचं आकुंचन दुबळं होतं. रक्तवाहिन्या आखडतात, त्यामुळे रक्तदाबाचा खालचा आकडा चढतो. यकृताला रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल पुरेसं उचलता येत नाही, ते साठत जातं. तूप सोडूनही आकडा हलत नाही, त्याचं कारण मग स्वयंपाकघरात सापडत नाही. दुखणं फार मुरलं तर हृदयाच्या आवरणात पाणीही साठतं. जर्मन डॉक्टर हेर्मान झोंडेक यांनी १९१८ मध्येच असं मंद, मोठं झालेलं हृदय वर्णिलं होतं आणि थायरॉइडच्या औषधाने ते पूर्ववत होतं, हेही दाखवलं होतं.

‘आम्ही आयोडीनचंच मीठ खातो’ असं सांगणारे भेटतात. पण पुष्कळांच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते. तिथे मिठाचा इलाज चालत नाही.

निदानाला टीएसएच ही रक्ताची साधी तपासणी पुरते. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करण्याआधी ती करून घ्यावी, कारण थायरॉइड मंद असताना त्या गोळीने स्नायू दुखण्याचा धोका वाढतो. आधीपासून चालू असलेली गोळी मात्र मनाने बंद करू नये.

उपचार गोळीचाच, पण हृदयरोग्याला आणि वृद्धांना ती अगदी थोडी, १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून देतात. शेजारणीची मात्रा आपल्याला चालत नाही. थकलेल्या हृदयाला एकदम पळवलं, तर छातीत दुखू लागतं. मात्रा जास्त झाली, तर ठोके अनियमित होतात.

गोळी घ्यायची उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. घरात कुणाची सकाळपाळी असेल, तर पहाटेच चहा टाकला जातो आणि गोळी त्याच्याबरोबरच पोटात जाते. चहाच्या आधी निदान अर्धा तास, शक्य तर तासभर ती घ्यावी. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी त्यानंतर चार तासांनी. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासून डॉक्टर मात्रा ठरवतात. कोलेस्टेरॉलही पुन्हा बघायचं ते थायरॉइड ताळ्यावर आल्यावरच.