अकरा वेळा आमदार आणि माझं न दिलेलं एक मत

परवा कॅन्टीनमध्ये नेहमीचं वाक्य कानावर आलं. "सगळे राजकारणी सारखेच रे!" म्हणणारा मी नव्हतो, पण मान मीही डोलावली. पोहे संपले, सगळे आपापल्या जागेवर गेले आणि मला मात्र दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं. कारण मी सांगोला तालुक्यातला. आमच्याकडच्या माणसाला हे वाक्य इतक्या सहज पचायला नको.

गणपतराव देशमुखांचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. आमच्याकडे नुसते 'आबा'. सांगोल्यातून ११ वेळा आमदार. पहिल्यांदा निवडून आले १९६२ मध्ये, शेवटचं २०१४ मध्ये. पक्ष कायम एकच, शेतकरी कामगार पक्ष. ३० जुलै २०२१ ला ते गेले तेव्हा सगळीकडे तेच लिहून आलं.. साधी राहणी, एसटीचा प्रवास, विक्रमी आमदार.

खरं सांगू? मला या कौतुकाचा थोडा कंटाळाच येतो. विक्रमच म्हणाल तर केरळचे के. एम. मणी आणि तमिळनाडूचे करुणानिधी प्रत्येकी १३ वेळा निवडून आले. आणि एसटीने फिरतो म्हणून पन्नास वर्षं कोणी कोणाला मत देत नाही, निदान आमच्या तालुक्यात तरी नाही!

मला विचाराल तर आबांच्या सगळ्यात महत्त्वाच्या निवडणुका म्हणजे हरलेल्या दोन. १९७२ ला ते पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी पाडलं. तेव्हा ते सत्तरीला टेकलेले. तिथे थांबले असते तरी कोणी नावं ठेवली नसती. पण १९९९ ला तोच मतदारसंघ, तोच पक्ष, आणि पुन्हा विजय. दोन्ही वेळा दुसऱ्या पक्षाचं दार ठोठावणं सोपं होतं. त्यांनी ठोठावलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, तू स्वतः सात वर्षांत तिसऱ्या कंपनीत आहेस, तू कसली निष्ठा शिकवतोस? बरोबर आहे. पण मला नोकरी देताना लाखभर लोकांनी रांगेत उभं राहून बटण दाबलं नव्हतं. फरक तो आहे.

दुसरी बाजूही मांडायला हवी. आबांची बहुतेक वर्षं विरोधी बाकांवर गेली. मंत्रिपद मिळालं ते दोनदाच, १९७८ च्या पुलोद सरकारात आणि नंतर १९९९ मध्ये. सूतगिरणी उभी राहिली हे खरं, पण टेंभू आणि म्हैसाळच्या पाण्याची वाट बघत आमच्याकडे एक पिढी म्हातारी झाली. आणि एवढ्या वर्षांत घराबाहेरचा वारसदार काही तयार झाला नाही. २०१९ ला ते उभे राहिले नाहीत तेव्हा उमेदवारी नातवाकडेच गेली, डॉ. अनिकेत देशमुखांकडे. निष्ठावंत पक्षातसुद्धा हे असंच व्हावं, हे मला खटकतं.

आता माझी गोष्ट. ते २०१९ चं मतदान होतं सोमवारी, २१ ऑक्टोबरला. माझी पहिलीच नोकरी, त्यात वीकांताला रिलीज. अण्णांचा फोन आला, "येतोयस ना मतदानाला?" मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात दिवाळीला येतोच आहे की. माझ्या एका मतानं काय फरक पडणार?" अण्णा काहीच बोलले नाहीत. फोन ठेवला.

निकाल लागला. शहाजीबापू पाटील ७६८ मतांनी विजयी.

माझं मत कोणाला गेलं असतं हे सांगत नाही, तो मुद्दाच नाही. पण ७६८! नुसत्या हिंजवडी-वाकडात आमच्या तालुक्याची किती पोरं राहतात, त्याचा अंदाज करून बघा. पुढे २०२२ मध्ये 'काय झाडी, काय डोंगार' गाजलं तेव्हा ऑफिसातल्या पोरांनी माझ्याकडून ते दहा वेळा म्हणवून घेतलं. मीही हसत हसत म्हटलं. एकानेही विचारलं नाही, "तुझा आमदार ना? मत दिलं होतंस का?" विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२० नोव्हेंबर २०२४ ला मात्र गेलो. बुधवार होता, एक रजा गेली. तीन दिवसांनी निकाल लागला. सांगोल्यात पुन्हा शेकाप, आबांचेच दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख आमदार. या वेळचं अंतर हजारांत होतं, माझ्या मतावाचून कोणाचंच अडलं नसतं. तरी मतदान करून घरी आल्यावर अण्णांनी माझं बोट हातात घेऊन शाई नीट लागलीय का ते बघितलं.

असो. पुढच्या वेळी कॅन्टीनमध्ये कोणी "सगळे सारखेच" म्हणालं तर मान डोलावण्याआधी त्याला एवढंच विचारणार आहे.. बाबा रे, तुझं नाव कुठल्या यादीत आहे, आणि शेवटचा तिथे कधी गेला होतास?