वॅट नको, काम पाहा

‘जितके वॅट जास्त, तितका फूड प्रोसेसर चांगला’ हे गेल्या आठवड्यातील पत्रलेखकाचे म्हणणे मला मान्य नाही. वॅटवरून यंत्र किती वीज ओढते ते कळते, वाटण कसे होईल ते नाही. सत्यप्रकाश माथूर यांच्या ‘सुमीत’ मिक्सरने 1960च्या दशकापासून नाव कमावले, ते आपले सुके खोबरे आणि भिजवलेली डाळ त्याला झेपली म्हणून. कसोटी आजही तीच लावावी.

आमच्याकडे सांभारवडीचा बेत असला की चार जुड्या सांभार (कोथिंबीर) चिरायचा असतो. प्रोसेसरचे बटण दाबूनच धरले, तर सांभाराला पाणी सुटते, सारण ओलावते आणि वडी कढईत फुटते. थांबत थांबत फिरवला, तर सुटा राहतो. त्यामुळे पल्सचे बटण आधी पाहावे. चौघांची कणीक मात्र परातीत हातानेच लवकर भिजते. प्रोसेसरचे भांडे, झाकण, पाते घासण्यातच वेळ जातो.

लहान घराला 500 वॅटचा, आयएसआय मार्कचा मिक्सर आणि चिरण्याचे एक जास्तीचे भांडे पुरे. पैसे देण्याआधी दुकानदाराला एवढे विचारा: कपलर आणि पाते नागपुरात सुटे मिळते का? नाही म्हणाला, तर ते यंत्र घेऊ नका.

– एक गृहिणी, सक्करदरा, नागपूर