शनी परराज्यात राहतो

कुंभकोणमच्या पंचक्रोशीत आणि तिच्या थोडं पलीकडे नवग्रहांची नऊ देवळं आहेत. प्रत्येक ग्रहाला स्वतंत्र गाव, स्वतंत्र तळं. राहू तिरुनागेश्वरमला, म्हणजे कुंभकोणमच्या वेशीवरच. गुरू आलंगुडीला, शुक्र कंजनूरला. असे आठ ग्रह तमिळनाडूत सुखाने नांदतात. नववा शनी तेवढा परराज्यात आहे. त्याचं तिरुनळ्ळार हे गाव कारैकाल जिल्ह्यात, आणि कारैकाल मोडतं पुदुच्चेरी या केंद्रशासित प्रदेशात. साडेसातीवर उतारा हवा तर सीमा ओलांडावी लागते. शनीच्या एकंदर लौकिकाला हे साजेसंच म्हणायचं.

तमिळनाडूच्या परिवहन महामंडळाने फेब्रुवारी 2024 पासून एका दिवसात नऊही ग्रह दाखवणारी खास गाडी कुंभकोणमहून सुरू केली आहे. मला ग्रहांपेक्षा गावं बघायची होती, म्हणून स्टँडवर जाऊन साधी कारैकाल गाडी धरली. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर असेल-नसेल. पण ही गाडी प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक चिंचेखाली आणि हात दाखवील त्या प्रत्येक आजीसमोर थांबते. सकाळ खाल्ल्याशिवाय ती पोचवत नाही.

कुंभकोणम आपल्याला देवळांसाठी, गणिती रामानुजनसाठी आणि फार तर डिग्री कॉफीसाठी ठाऊक. तमिळ माणसाला ते एसटीचं एक मुख्यालय म्हणूनही ठाऊक आहे. खासगी गाड्यांच्या जमान्यात इथे ‘रामन अँड रामन’ नावाची मातबर बस कंपनी होती. साळियमंगलम ते कोडवासल अशा एका खेडवळ मार्गाच्या परवान्यावरून तिने भांडण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. 1956 चा तो निकाल वकील मंडळी अजून काढून वाचतात. कोर्टात जाण्याइतकी कमाई त्या भातशेतीतल्या रस्त्यांवर होती, हे आज गाडीतल्या गर्दीकडे बघून सहज पटतं. 1972 मध्ये सरकारी ‘चोळन’ महामंडळ आलं. पुढे 1997 मध्ये परिवहन महामंडळांना दिलेल्या थोरामोठ्यांच्या नावांवरून दंगली झाल्या, तेव्हा सरकारने सगळीच नावं पुसून टाकली आणि चोळ राजेही त्यात गेले. आता नुसतं ‘तमिळनाडू राज्य परिवहन महामंडळ, कुंभकोणम’. महापुरुषांच्या नावांवरून भांडणं होतात तेव्हा हा उपाय आपल्याकडे कुणाला सुचत नाही, आणि सुचला तरी बोलून दाखवायची छाती होणार नाही.

ड्रायव्हरच्या पाठीमागे तिरुक्कुरळातली ओळ रंगवलेली. कंडक्टरच्या तोंडात शिट्टी. आपल्याकडे दोरी ओढून घंटी द्यायचे, इथे शिट्टीवर सगळा कारभार चालतो. एक लांब म्हणजे थांब, दोन आखूड म्हणजे चल, आणि मधली एक चिडकी शिट्टी दारात लोंबकळणाऱ्या कॉलेजच्या पोरांसाठी. पाटी फक्त तमिळमध्ये. मी दोघांना विचारून चढलो, आणि चढल्यावर तिसऱ्याला विचारलं.

पुढच्या बाकावर एक मराठी जोडपं निघालं. लातूरकडचं. काकांच्या मांडीवर रेक्झिनची बॅग, काकूंच्या हातात काळ्या तिळाची पुडी. दोघांची चर्चा चालली होती, ती मुद्दाम न ऐकताही ऐकू येत होती. मी मराठी म्हटल्यावर काकूंनी मलाच पंच केलं.

“तुम्हीच सांगा भाऊ. शिंगणापूर काय कमी पडत होतं का? घरापासून एका दिवसाचं जाणं-येणं.”

“शिंगणापूरला जाऊन आलो की,” काका म्हणाले. “पण गुरुजी म्हणले, नळराजाची साडेसाती जिथं सुटली तिथं जा.”

“गुरुजीला काय जातंय सांगायला. तिकीट त्यानं काढलंय का?”

कंडक्टरने तिकिटं देताना त्यांना हातानेच खूण केली, मी सांगतो तेव्हा उतरा. भाषा येत नसलेल्या माणसाला ही माणसं कधी अर्ध्यावर सोडत नाहीत, एवढं या भागात फिरताना मी पाहिलं आहे.

नाच्चियारकोविल आलं. पितळी समयांचं गाव. दुकानाच्या दारात पुरुषभर उंचीच्या समया उभ्या होत्या. मग कावेरीचा खरा मुलूख सुरू झाला. सांबा भाताची कापणी नुकतीच उरकली होती. काही शेतांत भात उभं असतानाच फेकलेला उडीद आता वीतभर वर आला होता, तर काही शेतांत हजारभर बदकांचा कळप सांडलेले दाणे टिपत होता आणि एक माणूस लांब काठी घेऊन त्यांच्या मागे फिरत होता. रस्त्याची डावी बाजू भात वाळवायला घेतलेली. ड्रायव्हर त्या पिवळ्या पट्ट्याला चाक न लावता गाडी काढत होता आणि समोरूनही तशीच गाडी आली की दोघे एकमेकांकडे बघून ठरवत होते, कुणी थांबायचं. सरकारी भातखरेदी केंद्रापुढे पोत्यांची थप्पी, तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर झोपलेला राखणदार. कुंभकोणमच्या दक्षिणेला भेटलेली अरसलार नदी कुठे डावीकडे असल्याचं सांगतात. तीही कारैकाललाच जाते, तिथे समुद्राला मिळते.

पून्तोट्टमला गाडी अर्धी रिकामी होऊन पुन्हा भरली. हीच या गाडीची रीत. पाटीवर कुंभकोणम–कारैकाल असलं तरी टोकापासून टोकापर्यंत जाणारे बोटांवर मोजण्यासारखे. बाकीचे सगळे दोन गावं, तीन गावं. कुणी सासरी, कुणी सोसायटीत, कुणी दवाखान्यात. आंतरराज्य वाहतूक म्हणतात ती अशा तुकड्यांची बनलेली असते.

आणि मग अंबगरत्तूरच्या आसपास कधीतरी सीमा आली. नाका होता, पण गाडी जेमतेम मंदावली. बेळगावच्या रस्त्यावर काही बिनसलं की आधी एसटीला काळं फासतात, मग गाड्या सीमेवर थांबतात, मग प्रवासी बोचकी घेऊन चालत पलीकडे जातात. तो अनुभव गाठीशी असलेल्या मराठी माणसाला हे फार मिळमिळीत वाटतं. शेत तेच, भाषा तीच, बदकंसुद्धा तीच. फरक दिसतो तो मोटारींच्या नंबरात, ‘टीएन’चं ‘पीवाय’ होतं, आणि चौकातल्या पोलिसाच्या डोक्यावर. लाल, ताठ, फ्रेंच पद्धतीची टोपी. फ्रेंच जाऊन सत्तर वर्षं झाली, टोपी राहिली.

ही सीमा इथे का आहे, याचं उत्तर आपल्या घरात आहे. 1736 मध्ये तुकोजी भोसले वारले आणि तंजावरच्या गादीचा खेळखंडोबा झाला. तीन-चार वर्षांत राजे आले नि गेले, एक राणी कारभार करून गेली, एक तोतयाही बसून गेला. त्या धामधुमीत सयाजी नावाचा राजपुत्र गादीवरून हुसकला गेला. सयाजी म्हटलं की आपल्याला बडोदा आठवतं, आणि त्या बडोद्याच्या सयाजीरावांचे दिवाण सर टी. माधवराव याच कुंभकोणमात 1828 मध्ये जन्मलेले. पण हा सयाजी वेगळा. 1738 मध्ये हा चिदंबरमला जाऊन बसला आणि तिथून त्याने पाँडिचेरीचे फ्रेंच गव्हर्नर द्युमा यांच्याशी बोलणं लावलं. पैसा आणि दारूगोळा द्या, गादी मिळाली की कारैकाल तुमचं. द्युमा तयारच होते. पण मदत पोचायच्या आत सयाजीने दरबारातली माणसं फोडून गादी मिळवली, आणि मग त्याला कारैकाल देववेना. शेजारी नागपट्टणमला डच बसले होते, त्यांना फ्रेंच नको होते. अखेर अर्काटच्या नवाबाचा जावई चंदासाहेब याने हात धुऊन घेतले. त्याच्या फौजेने फेब्रुवारी 1739 मध्ये कारैकाल घेऊन फ्रेंचांच्या हवाली केलं. सयाजीची गादी त्याच वर्षी गेली. मागून आलेल्या प्रतापसिंहाने झालं ते मान्य केलं आणि नड पडत गेली तशी आणखी गावं दिली.

गावागावाने दिलेला मुलूख म्हणून सीमाही गावागावाने वळते. पुढे इंग्रजांनी ती लढायांत अनेकदा पुसली आणि तहांत परत आखून दिली. फ्रेंचांनी 1898 मध्ये पेरळमपर्यंत रेल्वे आणली. ती 1980 च्या दशकात बंद पडली आणि सगळा भार या गाड्यांवर आला. ऑक्टोबर 1954 मध्ये किळूरला लोकप्रतिनिधींचं मतदान झालं, 178 पैकी 170 जणांनी भारतात यायचं ठरवलं, आणि 1 नोव्हेंबरला फ्रेंच सत्ता उतरली. कागदोपत्री हस्तांतर व्हायला 16 ऑगस्ट 1962 उजाडला. तेव्हाच कारैकाल शेजारच्या राज्यात विरघळून गेलं असतं. पण फ्रान्सशी झालेल्या करारात कलम होतं: इथल्या लोकांचं मत घेतल्याशिवाय इथला कारभाराचा दर्जा बदलायचा नाही. म्हणून भाषावार प्रांतरचनेतून ही गावं सुटली, आणि कावेरीच्या वाटपातही वेगळी मोजली जातात. 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात तमिळनाडूला 404.25 टीएमसी पाणी मिळालं, तर पुदुच्चेरीला 7. ते सात टीएमसी याच शेतांसाठी.

आपण दक्षिण दिग्विजयावर व्याख्यानं देतो. 1677 मध्ये शिवाजीमहाराज आणि व्यंकोजीराजे कोल्लिडमच्या काठी भेटले, तिथपर्यंत आपली गाडी जोरात असते. त्यानंतरची पावणेदोनशे वर्षं एका वाक्यात, सरस्वती महाल ग्रंथालयाच्या कौतुकात आटोपतात. कारण मधला बराच काळ हा असा आहे: कर्ज, वायदे, फोडाफोडी, शेजाऱ्याला लिहून दिलेली गावं. अभिमानाला त्यात फारसं काही सापडत नाही. पण आजच्या नकाशावर तंजावरकर भोसल्यांची खूण शोधायला गेलं तर राजवाड्याइतकीच ती या नाक्यावर सापडते, आणि इथे रोज वापरातही आहे.

तिरुनळ्ळारला कंडक्टरने आठवणीने काका-काकूंना उतरवलं. मीही उतरलो. नळतीर्थाच्या पायऱ्यांवर तिळाच्या तेलाने माखलेली माणसं बसली होती, अंगावरून तेल निथळत होतं, एकमेकांच्या पाठीला लावून देणं चाललं होतं. अंगावरचे कपडे इथेच टाकून जायचे, म्हणजे शनीही टाकला, अशी समजूत. टाकू नका म्हणून प्रशासन बजावतं, तरी पाण्याच्या कडेला ओल्या धोतरांचा, पँटींचा, पोरांच्या शाळेच्या शर्टांचा ढीग होताच. काकांनी त्या ढिगाकडे पाहिलं, मग स्वतःच्या नव्या शर्टाकडे. काकूंनी बॅगेतून एक विटका शर्ट काढून त्यांच्या हातात दिला. तयारी घरूनच झाली होती.

कारैकालला दुसरी गाडी. शहर नेटकं, सरळ रस्त्यांचं. कारैकाल अम्मैयार ही त्रेसष्ट शैव संतांतली एक, ती इथली. तिच्या आंब्याच्या गोष्टीवरून दर वर्षी उत्सव होतो आणि लोक गच्चीवरून आंबे उधळतात. पण रोजचा गाजावाजा आहे तो दारूच्या दुकानांचा. तमिळनाडूत किरकोळ दारूविक्री सरकारी महामंडळ करतं. इथे खासगी दुकानं आहेत आणि कर कमी. दक्षिणेला वांजूर म्हणजे सीमेची कड, आणि दुकानं तिथवर पोचलेली. पलीकडे तमिळनाडूचे पोलीस पिशव्या तपासतात. बांद्याच्या माणसाला गोव्याच्या पत्रादेवी नाक्याबद्दल काही समजावून सांगावं लागत नाही, तेव्हा इथेही जास्त लिहायला नको. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाने नाका येताच मांडीवरचा टॉवेल नीट केला, आणि नाका गेल्यावर पुन्हा सैल केला.

वांजूर ओलांडलं की लगेच नागूर, म्हणजे परत तमिळनाडू. एका दिवसात सीमा दोनदा. हजरत शाहुल हमीद यांचा दर्गा स्टँडपासून चालत जाण्यासारखा. त्याला पाच मनोरे आहेत आणि सर्वांत उंच, 131 फुटांचा, बांधला तो प्रतापसिंह भोसल्यांनी. फ्रेंचांना गावं लिहून देणारे तेच हे. दारातल्या फुलवाल्याला मी मनोऱ्याकडे बोट करून विचारलं, तर त्याने ‘तंजावूर महाराजा’ एवढंच सांगितलं आणि जुईचा गजरा पुढे केला. प्रतापसिंहाचा मुलगा तुळजाजी याने पुढे 1770 च्या दशकात हे नागूर डचांना विकलं. ते इंग्रजांना आणि अर्काटच्या नवाबाला सहन झालं नाही, डचांना पैसे परत घेऊन निघावं लागलं, आणि काही वर्षांत नागूर इंग्रजांच्या पदरात पडलं. विक्रीच्या व्यवहारात भोसल्यांनी एवढी गावं घातली, पण दर्ग्याला दिलेलं कुणी परत मागितल्याचं माझ्या वाचनात नाही. गजरा घेतला. वेळांकण्णीच्या गाडीला उभं राहायलाही जागा नव्हती, तरी शिट्टी वाजत होती आणि माणसं चढत होती.