चौथा कामकरी आला आणि उशीर झाला!

रात्री तुम्ही पांघरूण ओढून गुडूप झोपता ना, तेव्हाच मोठमोठ्या कंपन्यांच्या संगणकांची रात्रपाळी सुरू होते!

समजा, एका कंपनीची शंभर गावांत दुकानं आहेत. दिवसभरात कुठे किती दूध, साबण, वह्या खपल्या, याच्या नोंदी रात्री एका जागी आणायच्या, चुका काढायच्या, बेरजा करायच्या आणि सकाळी तक्ते तयार ठेवायचे. या माहितीच्या कोठाराला म्हणतात ‘डेटा वेअरहाउस’. आणि समोर कुणी बसलेलं नसताना, मागच्या मागे चालणारी ही कामं म्हणजे ‘बॅकग्राउंड जॉब’. तक्ता वेळेवर आला नाही, तर कुठल्या गावाला किती दूध धाडायचं ते अंदाजानंच ठरवावं लागणार. म्हणजे एकीकडे दूध नासणार, दुसरीकडे गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जाणार!

संगणकात ही कामं उचलणारे ‘कामकरी’ मोजकेच असतात. माणसं नव्हेत हं, एका वेळी एकच काम करणारे प्रोग्रॅम. कामकरी दहा आणि कामं चाळीस असली, तर तीस कामं रांगेत उभी! तुम्ही म्हणाल, “मग कामकरी वाढवा की!”

इथेच तर गंमत आहे. रोनाल्ड ग्रॅहम हे अमेरिकेतले मोठे गणिती. एकाच वेळी अनेक चेंडू हवेत खेळवण्यातही ते पटाईत. १९६६ साली त्यांनी दाखवून दिलं, की हात वाढवले तर कधीकधी काम उलट लांबतं! खोटं वाटतं? चौकटीची वही घ्या आणि करून पाहा.

कामं नऊ. पहिल्याला लागतात ३ मिनिटं. दुसरं, तिसरं, चौथं प्रत्येकी २ मिनिटांचं. पाचवं ते आठवं प्रत्येकी ४ मिनिटांचं. नववं मात्र चांगलं ९ मिनिटांचं. अटी दोनच. पहिलं संपल्याशिवाय नववं सुरू करायचं नाही आणि चौथं संपल्याशिवाय पाचवं ते आठवं यांना हात लावायचा नाही. जो कामकरी रिकामा होईल, त्यानं त्या वेळी करता येण्याजोग्या कामांतलं सर्वांत लहान नंबराचं काम उचलायचं.

तीन कामकरी घेतलेत, तर सारं काम १२ मिनिटांत फत्ते. आता चौथा कामकरी द्या. किती वेळ लागला? १५ मिनिटं!

असं का झालं? चौघं असल्यामुळे चौथं काम लवकर उरकलं. त्यामुळे पाचवं ते आठवं ही कामं लगेच मोकळी झाली आणि त्यांनी चारही जणांना गुंतवून टाकलं. बिचारं नववं काम तिसऱ्या मिनिटाला तयार होतं, पण त्याला कामकरी मिळाला सहाव्या मिनिटाला. सर्वांत लांबलचक कामच मागे राहिलं!

म्हणून कोठार सांभाळणारी माणसं आधी रांगेवर नजर ठेवतात. जर्मनीतल्या ‘सॅप’ कंपनीच्या प्रणालीत त्यासाठी ‘एसएम३७’ नावाचा पडदा आहे. कोणतं काम चालू आहे, कोणतं संपलं, कोणतं मध्येच बंद पडलं, सुरू व्हायला किती खोळंबलं आणि चालायला किती वेळ लागला, हे सारं तिथे दिसतं. खोळंबा जास्त असेल तर रांग तुंबलीय. खोळंबा नाही, पण काम रोजच्यापेक्षा लांबतंय, तर दुखणं त्या कामातच आहे. दोन्हींवर औषध वेगळं!

कामांना ए, बी, सी असे दर्जेही देता येतात. कामकरी रिकामा झाला की ‘ए’चा मान पहिला. काही कामकरी तर फक्त ‘ए’साठी राखून ठेवता येतात. पण सगळ्याच कामांना ‘ए’ देऊन टाकला तर? मग पुन्हा पहिल्यासारखीच रांग!

आता आपल्या नवव्या कामाला ‘ए’ दर्जा द्या आणि चार कामकऱ्यांनिशी तेच गणित पुन्हा सोडवा. १५ची पुन्हा १२ मिनिटं होतील.

जाता जाता एक प्रश्न. कामकरी चाराऐवजी दहा घेतले, तरी ही कामं १२ मिनिटांच्या आत कधीच संपणार नाहीत. का बरं? दोन्ही अटी पुन्हा नीट वाचा. उत्तर तिथेच लपलंय!